चिंचेच्या वळणावरचा पाठमोरा माणूस

…तर गुंडुरावांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "हे असलं माझ्या हातून उतरायचं नाही." काल आपण इथवर आलो होतो. तेवढ्यात जेवायची हाक आली, आपण उठलो, आणि गुंडुराव बिचारे चिठ्ठी खिशात घेऊन तसेच उभे राहिले. त्यांना आता खाली बसवू आणि पुढं जाऊ.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून सांगायला हवं. गुंडुराव म्हैसूरचे. हुणसूरच्या रस्त्यावर हिनकलला त्यांचं घर. भावसार, म्हणजे मूळचे रंगारी. पणजोबा कधीतरी महाराष्ट्रातून खाली उतरले ते परत वर गेलेच नाहीत. आजोबा लुगड्यांवर लाकडी ठशांनी कोयऱ्या आणि वेली उठवायचे. वडिलांच्या वेळी गिरणीचं छापील कापड आलं आणि ठसे माळ्यावर जाऊन बसले. गुंडुरावांनी कापड सोडलं, पत्रा धरला आणि दुकानांचे बोर्ड रंगवायला लागले. कन्नड अक्षर काढावं तर त्यांनीच. गोलाई अशी, की जिलबीवाल्यानं मान खाली घालावी. आता जिकडंतिकडं फ्लेक्स आलेत, तरी एखादा जुना माणूस अजून म्हणतो, "गुंडुरावांच्या हातचं पाहिजे."

या घरात एक नेम होता. रंगाच्या हातानं वाईट अक्षर उठवायचं नाही. आजोबा म्हणायचे, "आपला हात लग्नाच्या लुगड्यांना लागतो. त्यातून अमंगळ उतरू नये." आपल्याकडं कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतं. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. दिवासुद्धा कोणी विझवत नाही. या घरानं हे सगळं बोलण्यातून उचलून ब्रशात घातलं. गुंडुरावांनी पन्नास वर्षांत 'मृत्यू' लिहिलं नाही. 'बंद आहे' लिहायला सांगितलं तर 'पुन्हा या' लिहून मोकळे.

दामोदररावांच्या कुत्र्याची गोष्ट तर साऱ्या पेठेला पाठ. दामोदरराव निवृत्त कारकून, कुत्रा मात्र जहागीरदारासारखा. त्यांनी फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' असं लिहायला सांगितलं. 'सावध' म्हणजे भीती, भीती म्हणजे अशुभ. गुंडुरावांनी लिहिलं, 'या घरी एक मुका मित्र राहतो.' आठ दिवसांत पोस्टमनची आणि मित्राची गाठ पडली.

दामोदरराव तणतणत आले. "गुंडुराव, तुमच्या मित्रानं पोस्टमनची पोटरी धरली."

"धरलीच ना, साहेब? मित्रच तो. शत्रू असता तर तोडली असती."

हा किस्सा सांगून गुंडुरावांनी वर्षानुवर्षं लोकांना हसवलं. पुढं एक दिवस असा आला, की ही गोष्ट सांगायची त्यांनी बंदच केली. का, ते ऐका.

ती चिठ्ठी दिली होती निशांत नावाच्या कंत्राटदारानं. एच. डी. कोटेच्या वाटेवर एक वळण आहे. सरळ रस्ता येतो, डाव्या हाताला चिंचेचं जुनं झाड, झाडाच्या पुढं मैलाचा दगड, आणि दगडापाशी रस्ता एकदम डावीकडं मुरडतो, कारण समोर तळं आहे. ज्याला ठाऊक नाही तो सरळ तळ्याच्या उतारावर. छापील चमकता बोर्ड यायला उशीर होता, तोवर हातानं रंगवून एक लावायचा. चिठ्ठीवर कन्नडात एवढंच होतं: 'अपघात वलय. वळण. वेग २०.' वलय म्हणजे टापू. अपघात म्हणजे काय, ते दोन्ही भाषांत एकच.

"अज्जा, कठीण काय आहे त्यात?" निशांतनं विचारलं.

"लिहायला कठीण नाही रे. 'अपघात' लिहिलं की तो यायला तयारच असतो. आपण कशाला आवतण द्यायचं?"

"मग तुमच्या मनासारखं लिहा. अर्थ कळला म्हणजे झालं."

गुंडुराव खूश. तीन दिवस खपले. पिवळ्या पत्र्यावर काळी अक्षरं, भोवती आजोबांच्या ठशातली कोयऱ्यांची वेल. मजकूर कन्नडात, पण आपल्या बोलीत सांगायचं तर असा: 'प्रवासी बंधुभगिनींना नम्र विनंती. पुढे रस्ता डावीकडे वळतो. कृपया सावकाश जावे. घरी तुमची वाट पाहत आहेत. आपला प्रवास सुखाचा होवो.' खाली उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, 'गुंडु'. ऐन श्रावणात बोर्ड चिंचेखाली, रस्त्याकडं तोंड करून, उभा राहिला. येणारेजाणारे म्हणाले, किती गोड लिहिलंय. छापील बोर्ड काही आला नाही, आणि आता कोणाला त्याची घाईही वाटेना.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी सकाळी गुंडुराव ओसरीवर पेपर उघडून बसले होते. चहावर साय धरली तरी कप तसाच.

"अहो, निवतोय तो," बायको म्हणाली. अनुसूयाबाई म्हणजे बोलण्यात चटका आणि हाताला चव.

त्यांनी पेपर तिच्यापुढं केला. तिनं चष्मा चढवला. "अय्यो. सरस्वतीपुरमचे मास्तर होते म्हणे. वादिराज. कोट्याला बारशाला निघालेले. बायको मागं बसली होती, ती वाचली."

"फोटो बघ."

"बघितला. स्कूटरचा चुरा झालाय."

"त्याच्या मागं बघ."

मागं पिवळा बोर्ड होता. फोटो काढणाऱ्याचा कॅमेरा असा काही बसला होता, की स्कूटर धुरकट आणि बोर्ड लख्ख. सगळ्यात खालची ओळ लांबूनही वाचता येत होती. आपला प्रवास सुखाचा होवो.

अनुसूयाबाईंनी पेपरची अशी घडी घातली, की बोर्ड आत जाईल. "तुम्ही काय ढकललंत त्यांना?"

"ढकललं नाही. थांबवलं पण नाही."

"सोडा म्हणते ना आता. दुनियेतले अपघात काय तुमच्या ब्रशानं होतात?"

सोडायचं म्हटलं म्हणून सुटतं थोडंच? गुंडुरावांना त्या दिवसापासून अक्षरं दिसायला लागली. डोळे मिटले की पापणीच्या आतल्या बाजूला पिवळा पत्रा. जेवायला बसले तर पानातल्या भाताला वेलांट्या फुटलेल्या. एका लग्नाच्या कमानीवर 'सुस्वागतम्' लिहायला घेतलं आणि पहिल्या अक्षरावरच हात थांबला. कारण 'सुखाचा' त्याच अक्षरानं सुरू होतो. तासभर ब्रश हवेत. शेवटी यजमानानं फ्लेक्स मागवला.

मनात एकच प्रश्न, भोवऱ्यासारखा. मास्तरांनी बोर्ड वाचला होता का? वाचलाच नसेल तर गुंडुराव सुटले. माणूस आपल्या नादात गेला, त्याला कोण काय करणार. पण वाचला असेल, आणि वाचूनही कळलं नसेल, तर तो माणूस गुंडुरावांच्या गोड शब्दांनी तळ्यात घातला. हे सांगणार कोण? मास्तर तर गेले. राहिल्या मागं बसलेल्या अंबुजाबाई. त्यांच्या दाराशी जायची गुंडुरावांची छाती होईना.

मग त्यांनी वेगळंच सुरू केलं. दर सोमवारी पहाटेची पहिली बस धरायची आणि चिंचेच्या वळणावर उतरायचं. अपघात सोमवारचा, म्हणून सोमवार. दुखवट्याला जावं तसा धुवट पांढरा शर्ट. तळ्यावरून धुकं उठत असतं, चिंच अर्धी दिसते अर्धी नाही, आणि हे बोर्डासमोर उभे. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं. पुन्हा वाचायचं. कुठं चुकलं? कोणता शब्द? उन्हं वर आली की वळणापलीकडं वरलक्ष्मीच्या टपरीवर एक चहा, आणि परत.

वरलक्ष्मी कन्नड बाई, जिभेला लगाम नाही. माघात एके दिवशी कप पुढं करत ती म्हणाली, "अज्जा, तुम्ही त्या बाजूनं चालत येता, भीती वाटत नाही?"

"कसली?"

"देव्वा आहे तिथं. भूत. लॉरीवाले सगळे सांगतात. झाडाखाली पांढरा शर्ट घालून उभा असतो. पाठमोरा. तोंड कोणी बघितलं नाही. बोर्ड वाचत असतो."

गुंडुरावांच्या मानेवर काटा आला. "बोर्ड वाचतो?"

"तो मेलेला मेष्ट्रु आहे म्हणे. मास्तरच तो, मेला तरी वाचन सुटेना. पूर्ण वाचून झाल्याशिवाय त्याला सुटका नाही असं म्हणतात. आता सगळे चिंचेच्या अलीकडूनच गाडी कमी करतात. माझ्याकडं चहाला येणारा गण्या ड्रायव्हर तर पहिल्या गिअरमध्ये टाकतो आणि मारुतीचं नाव घेत येतो."

"रोज दिसतो?"

"छे. सोमवारीच. त्याचा वारच तो."

गुंडुरावांनी कप तोंडाशी नेला आणि तिथंच धरला. मग सावकाश खाली बघितलं. पांढरा शर्ट. सोमवार. पायांवर तळ्याकाठचा चिखल. वरलक्ष्मीनं विचारलं, "काय झालं अज्जा, तुम्ही बघितलात का त्याला?" तर हे म्हणाले, "समोरून नाही बघितला."

घरी येऊन बायकोला सांगितलं, "अगं, मी मेलोय म्हणे."

सगळं ऐकून अनुसूयाबाई आधी पदर तोंडाला लावून हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग हसू संपलं आणि पाणी तसंच राहिलं. "आता जाऊ नका तिथं. जिवंत माणसाला भूत म्हणतात, बरं लक्षण नाही हे."

"न जाऊन कसं चालेल? गाड्या हळू होतात, अनुसूये. माझ्या अक्षरानं होत नव्हत्या, माझ्या पाठीनं होतात."

आणि मग माणूस खरंच भूत झाला, बघा. आधी सोमवारी जायचे, ते आता गुरुवारीही जायला लागले. गुडघे कुरकुरत, छातीत कफ, पण पहाटे शर्ट चढवलाच. बोर्डाकडं तोंड करून उभं राहायचं, मागून गाडीचा आवाज आला की कान टवकारायचे. आवाज खाली बसला, गिअर पडला, की एक श्वास सोडायचा. एक वाचला. पुढचा. कधी कधी त्यांना वाटायचं, आपल्या शेजारी आणखी कोणी उभं आहे आणि तेही वाचतंय. मान वळवून बघायची हिंमत नव्हती. खरंच कोणी असलं तर विचारायचं काय, हेही ठाऊक होतं: मास्तर, कुठवर वाचलं होतंत?

फाल्गुनात अंगात ताप भरला. चार दिवस उठता येईना. त्यातला एक सोमवार. अनुसूयाबाईंनी पांढरा शर्ट उचलून ट्रंकेत टाकला आणि ट्रंकेवर स्वतः बसल्या. संध्याकाळी खबर आली, चिंचेच्या वळणावर दुधाची गाडी तळ्याच्या उतारावर गेली. ड्रायव्हरचा हात मोडला, जीव वाचला. तळ्याच्या काठचं पाणी दिवसभर पांढरं होतं म्हणे.

"बघ," गुंडुराव अंथरुणातून म्हणाले. "एक दिवस पाठ नव्हती तर."

"मग काय जन्मभर उभे राहणार? आणि तुमच्यानंतर कोण? मी जाऊ शर्ट घालून?"

बाई रागात बोलली, पण बोलणं नेमकं जिव्हारी बसलं. भूत किती दिवस पुरणार? बोर्डानं करायचं काम बोर्डानंच करायला हवं.

ताप उतरल्यावर त्यांनी आपली जुनी मोपेड काढली. आणि त्या दिवशी त्यांनी एक गोष्ट केली जी पन्नास वर्षांत कधी केली नव्हती. बोर्ड लिहिणारा माणूस आपला बोर्ड शिडीवरून वाचतो, नाहीतर दोन पावलं मागं सरून, मान तिरपी करून वाचतो. धावत्या गाडीवरून स्वतःचं अक्षर त्यांनी कधी वाचलंच नव्हतं. मोपेड फार पळत नाही, तरी पळेल तेवढी पळवली. अक्षरं नीट लागायला लागली तिथून मोठ्यानं सुरुवात केली. "प्रवासी बंधुभगिनींना नम्र विनंती. पुढे रस्ता…" आणि दगड आला. परत फिरून पुन्हा. "नम्र विनंती. पुढे…" दगड. सहा वेळा गेले. सहाही वेळा दगडापाशी पोचले तेव्हा 'विनंती' संपून 'पुढे' लागलेलं असायचं, आणि पुढं काय आहे ते अजून वाचायचंच असायचं. त्याहून पुढचं वाचायचं तर मान मागं वळवायला लागत होती.

मोपेड चिंचेला टेकवून ते खाली बसले. नमस्कार करण्यातच रस्ता संपला होता.

निशांतला फोन केला. तो म्हणाला, "अज्जा, मी विचारून घेतो वर. तुम्ही चिठ्ठीतलं होतं तेच लिहा आता." ते ठीक. पण ब्रश हातात घ्यायच्या आधी गुंडुरावांना मास्तरांचं काय झालं ते कळायलाच हवं होतं. हात जड असेल तर अक्षर नीट येत नाही, हे कोणताही पेंटर सांगेल.

चैत्रातली दुपार. सरस्वतीपुरमच्या बसथांब्यावर उतरून, पत्ता विचारत विचारत, ते एका कुंड्या मांडलेल्या घरासमोर उभे राहिले. मुलीनं दार उघडलं. शरण्या तिचं नाव, बंगळूरला नोकरी, आईसाठी महिनाभर घरून काम करत होती.

"कोण पाहिजे?"

"अंबुजाबाई. मी गुंडुराव. पेंटर."

"आम्ही पेंटिंग नाही करवत आता, अंकल. घराला यंदा काही नाही करणार."

आतून आवाज आला. "शरण्या, त्यांना आत येऊ दे."

अंबुजाबाई खिडकीशी बसल्या होत्या. डावा हात अजून पट्ट्यात, जवळ काठी. भिंतीवर मास्तरांचा फोटो, त्याला ताजा हार. फोटोतही मास्तर काहीतरी वाचत असल्यासारखेच दिसत होते.

"बसा, गुंडुराव. 'गुंडु' ते तुम्हीच ना?"

गुंडुराव खुर्चीच्या कडेला टेकत होते ते तिथंच थबकले. "तुम्हाला कसं कळलं, अक्का?"

"कोपऱ्यात आहे ना नाव. वीस मिनिटं मी त्या बोर्डासमोर पडले होते. लोक यायला तेवढा वेळ लागला. हलता येत नव्हतं, मान तेवढी त्या बाजूला होती. सगळा वाचला. पाठ आहे मला."

शरण्यानं कॉफी आणून ठेवली आणि दाराशी उभी राहिली. कोणी कपाला हात लावला नाही.

गुंडुरावांनी प्रश्न घरून जुळवून आणला होता, चार वाक्यांचा, आधी क्षमा मागणारा, शेवटी नमस्कार असलेला. इथं तो सगळा गिळला आणि म्हणाले, "त्यांनी वाचला होता का?"

अंबुजाबाईंनी काठीनं खिडकी लोटून घेतली. बाहेर भाजीवाला ओरडत होता. 

"ह्यांना बोर्ड मोठ्यानं वाचायची खोड. लग्न होऊन पहिल्यांदा श्रीरंगपट्टणला गेलो तर वाटेतला एक सोडला नाही. दुकानांची नावं, दवाखान्याच्या वेळा, भिंतीवरच्या जाहिराती. मी म्हणायची, अहो, मी पण शिकलेय. तर म्हणायचे, तू शिकलीस म्हणून मी काय मुका होऊ?"

शरण्या दारातून हळूच हसली. "मला शाळेत सोडायला येताना पण वाचायचे. माझ्या फ्रेंड्स चिडवायच्या."

"त्या दिवशीही वाचत होते," अंबुजाबाई म्हणाल्या. "धुकं विरत होतं. लांबून पिवळं दिसलं तेव्हा म्हणाले, हा हातानं लिहिलेला दिसतो. वेग होता तेवढाच होता. मग सुरू केलं. प्रवासी बंधुभगिनींना नम्र विनंती." त्यांनी ते मास्तरांच्या चालीत म्हटलं. वर्गात धडा वाचावा तसं, प्रत्येक शब्द सुटा. गुंडुरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. इतके महिने त्यांच्या शेजारी उभं राहून जो कोणी वाचत होता, त्याचा आवाज हाच होता.

"बोर्ड मागं पडत गेला तशी ह्यांची मान वळत गेली. घरी तुमची वाट, इथवर आले. आणि थांबले. म्हणाले, अक्षर बघ, अंबुजा. हल्ली असं कोण लिहितं. मला दाखवायला हात पण वर केला." त्यांनी उजवा हात तसाच वर करून दाखवला. "एवढंच. हे मी शरण्यालाही सांगितलं नव्हतं."

शरण्या येऊन आईच्या खुर्चीमागं उभी राहिली.

गुंडुराव म्हणाले, "मग मीच."

"राग होता," अंबुजाबाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू. तुम्ही कधी भेटलात तर काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. आता समोर बसलात तर एक आठवत नाही."

गुंडुरावांनी खिशातून जुनी चिठ्ठी काढली. इतके दिवस ती ब्रशांच्या डब्यात तळाशी होती, कडेला पिवळा रंग लागलेला. "मला लिहायला सांगितलं होतं ते हे."

अंबुजाबाईंनी चिठ्ठी हातात घेतली आणि, का कोण जाणे, मोठ्यानं वाचली. "अपघात वलय. वळण. वेग वीस." आणि मग चिठ्ठी उलटून बघितली. "संपलं?"

"संपलं."

"मग का नाही लिहिलंत?"

तेव्हा गुंडुरावांनी आजोबांची लुगडी, माळ्यावरचे ठसे, घरातला नेम, सगळं सांगितलं. दामोदररावांच्या कुत्र्याचंही सांगितलं. ती गोष्ट त्यांनी एकदाच अशी सांगितली, की ऐकणारं कोणी हसलं नाही.

"आमच्याकडंही तेच," अंबुजाबाई म्हणाल्या. "त्या सकाळी कुलूप लावून हे घरालाच म्हणाले, येतो रे. मला हसू आलं होतं." त्यांनी चिठ्ठी गुडघ्यावर ठेवून तिच्या घड्या सरळ केल्या. "आता काय लिहिणार आहात तिथं?"

"यात आहे तेच. वेल नाही, नाव नाही. अक्षर असं काढीन की कोणी बघत थांबणार नाही."

"'अपघात' लिहाल? तुमच्या हातानं?"

"पहिला शब्द तोच."

"घरचा नेम?"

"आमच्या हिनं कालच माळ्यावरून ठसे काढून त्यांना चिमूटभर कुंकू वाहिलं. म्हणाली, आजोबांना मी समजावते, तुम्ही रंग कालवा."

अंबुजाबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी एकदा भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं, एकदा शरण्याकडं, मग चिठ्ठी परत गुंडुरावांच्या हातात दिली, पण सोडली नाही. एक टोक त्यांच्या बोटांत, एक यांच्या. "आणि एवढं तरी पुरेल हे कशावरून, गुंडुराव? तो गोड होता, हा कडू आहे. पण वाचून होण्याआधीच दगड आला तर?"

गुंडुराव म्हणाले, "ते कळायला एकच वाट आहे, अक्का. तुमचा हात बरा झाला की शरण्याला स्कूटर चालवू दे, तुम्ही मागं बसा आणि त्यांच्यासारखा मोठ्यानं वाचा. मी दगडापाशी रस्त्याकडं तोंड करून उभा राहतो. माझ्यापाशी पोचायच्या आत वाचून संपलं नाही, तर अजून एक शब्द पुसतो."